नाशिकच्या डोंगरपाड्यांवर कृष्णधवल छायाचित्रण: आधी काय करायचं, नंतर काय

पेठ, सुरगाणा, हरसूल, कळवण या भागात कॅमेरा घेऊन जाणारे पुष्कळ जण कृष्णधवल छायाचित्रं करायचीच, असं ठरवून निघतात. परत येतात ती चित्रं मात्र एकसारखी असतात. आभाळ पांढरं फटक, चेहरे डांबरासारखे काळे, सुरकुत्यांवर कॉन्ट्रास्ट ओढलेली एक आजी आणि खाली नावाच्या जागी ‘आदिवासी स्त्री’. कॅमेरा चांगला असतो, हातही बरा असतो. क्रम उलटा झालेला असतो. आधी बटण दाबायचं आणि मग विचारायचं, रंगीत फोटो फसला की त्यातला रंग काढून टाकायचा, इंटरनेटवर चित्र टाकायचं आणि प्रिंट मात्र द्यायचीच नाही. हा क्रम सरळ कसा करायचा, ते पुढे टप्प्याटप्प्याने दिलं आहे. मोबाइलवर काम करणाऱ्यांनाही यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं.

## टप्पा १: ऋतू निवडा

पहिली चूक इथेच होते. पावसाळ्यात सगळं हिरवंगार दिसतं म्हणून लोक जुलै-ऑगस्टमध्ये धावतात. पण रंग गेला की हिरवं गवत, हिरवी आवणी (भाताची लावणी), हिरवी झाडी आणि हिरवा डोंगर यांचा मिळून एकच करडा गठ्ठा होतो. डोळ्याला जो फरक रंगामुळे कळत होता, तो चित्रात उरत नाही.

कृष्णधवलसाठी माझी पहिली पसंती फेब्रुवारी ते मे. वाळलेलं गवत जवळजवळ पांढरं येतं, बेसाल्टचा कडा गडद येतो, सागाची पानं झडून फांद्यांच्या रेषा मोकळ्या होतात, आणि राब भाजल्यावर (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन तयार केल्यावर) शेताचे काळे चौकोन उतारावर स्पष्ट उमटतात. उजेड आणि काळोख जमिनीवरच मांडलेला असतो. दुसरी पसंती ऑक्टोबर-नोव्हेंबर. भात आणि नागली पिकून पिवळी पडते, आभाळात ढग शिल्लक असतात आणि हवा धुतलेली असते.

पावसाळ्यात जायचंच असेल तर धुक्यासाठी जा. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात धुकं उतरलं की मागची झाडी फिकी होते, पुढचं झाड गडद राहतं आणि हिरव्या गठ्ठ्याचे थर आपोआप वेगळे होतात. मात्र इगतपुरीला वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. छत्री धरायला सोबती नसेल तर लेन्स पुसण्यातच दिवस जाईल.

माणसांचं वेळापत्रकही पाहा. आवणीच्या दिवसांत घरातलं प्रत्येक माणूस चिखलात असतं आणि पाऊस कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी कोणाला ‘जरा इकडे बघा’ म्हणणं म्हणजे त्याचं काम अडवणं. दिवाळीनंतर सुरगाणा-पेठकडची बरीच कुटुंबं दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. तेव्हा पाड्यावर म्हातारी माणसं आणि लहान मुलंच जास्त दिसतात. ते पाहून ‘ओस पडलेला पाडा’ अशी ओळ लिहू नका. होळीला बरेच जण परत येतात. द्राक्षबागेतलं त्यांचं कामसुद्धा याच विषयाचा भाग आहे, ते सोडू नका.

तपासा: तुम्ही निवडलेल्या आठवड्यात त्या गावात काय चाललेलं असेल, हे सांगता येतंय का? येत नसेल तर गावातल्या कोणाला तरी फोन करा आणि मगच तारीख ठरवा.

## टप्पा २: पहिली फेरी कॅमेरा बॅगेत ठेवून

गळ्यात कॅमेरा लटकवून पाड्यावर शिरलात की पुढचं सगळं अवघड होतं. पहिल्या फेरीत कॅमेरा बॅगेत असू द्या. आधी सरपंच किंवा पोलीस पाटील यांना भेटा, मग शाळेचे गुरुजी, आशाताई किंवा अंगणवाडीताई यांना. पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात आणि तिथे पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा) ग्रामसभेला मोठं स्थान आहे. एका दिवसाच्या फोटोंसाठी ठराव लागत नाही. पण महिनोन्महिने काम करायचं असेल, प्रदर्शन किंवा पुस्तकाचा विचार असेल, तर ग्रामसभेत बसून तो सांगणं हाच सरळ मार्ग आहे.

कोणाकडे जाताय तेही नीट माहीत हवं. नाशिक जिल्ह्यात कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकर, कातकरी अशा वेगवेगळ्या जमाती आहेत. त्यांची बोली, देव आणि घर बांधायची रीत वेगळी. सगळ्यांना ‘वारली’ म्हणून मोकळं होणं ही फार रुळलेली चूक आहे. विचारलं की लोक सांगतात.

परवानगी एकदम सगळ्याची मागू नका, चार प्रश्न वेगवेगळे विचारा:

- फोटो काढू का?
- तो छापला, प्रदर्शनात लावला तर चालेल का?
- इंटरनेटवर टाकला तर चालेल का? तिथे तो कोणीही पाहू शकतं, हे सांगूनच विचारा.
- तो विकला गेला तर काय करायचं?

पहिल्याला ‘हो’ म्हणणारं माणूस तिसऱ्याला ‘नको’ म्हणू शकतं, आणि त्यात वावगं काही नाही. कागदावर सही मागितली की लोक बिचकतात. सरकारी कागदांचा अनुभव तसाच असतो. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून घेणं सोपं पडतं, तेही सांगूनच. मुलांच्या फोटोसाठी आईबापांना विचारा. गुरुजींचा होकार पुरत नाही.

पैशाचं आधीच स्पष्ट असावं. मुलांना चॉकलेटं आणि नोटा वाटू नका, पुढच्या प्रत्येक माणसासमोर तेच हात पुढे येतील. पण कोणी अर्धा दिवस तुमच्यासोबत डोंगर चढत असेल, वाट दाखवत असेल, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. ती द्या, आणि निघायच्या आधी ठरवून द्या.

थांबा: ओढ्यावर अंघोळ करणाऱ्या, बाळाला पाजणाऱ्या बाईचा फोटो लांबून टेलिलेन्सने काढायचा नाही. जवळ जाऊन जो फोटो मागायची लाज वाटेल, तो लांबूनही घेऊ नये.

## टप्पा ३: कॅमेरा घरीच लावून घ्या

फाइल रॉमध्ये (सेन्सरने टिपलेली सगळी माहिती, कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता), पडद्यावरचं चित्र मोनोक्रोममध्ये, म्हणजे कृष्णधवल. ही एक मांडणी केली की निम्मं काम झालं. पडद्यावर तुम्हाला करड्या छटा दिसतात, त्यामुळे तिथल्या तिथे चूक कळते. रॉ फाइलमध्ये मात्र रंगाची माहिती जशीच्या तशी राहते आणि पुढे कोणता रंग किती उजळ करायचा, ते हातात राहतं. फक्त जेपीईजी मोनोक्रोममध्ये काढलीत तर रंग कायमचा गेला. मोबाइलवर प्रो मोडमध्ये रॉ मिळत असेल तर तो चालू करा. ब्युटी आणि चेहरा उजळणारे सगळे पर्याय बंद ठेवा.

रंगीत सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लाल काचेचा फिल्टर लावू नका. अशा सेन्सरमध्ये लाल उजेड टिपणारे बिंदू चारातला एकच असतात. लाल फिल्टर लावला की बाकीचे जवळजवळ आंधळे होतात आणि चित्र दाणेदार येतं. जे लाल फिल्टरने साधायचं, म्हणजे आभाळ गडद करणं, ते संगणकावर साधतं. पोलरायझर हा फिल्टर मात्र जवळ हवाच. ओल्या पानांवरची आणि भिजलेल्या खडकावरची चकाकी तो काढतो आणि ते काम नंतर कशानेच होत नाही. त्यात एक ते दोन स्टॉप उजेड कमी होतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), हे लक्षात असू द्या.

फिल्मवर काम करणाऱ्यांसाठी रंगीत फिल्टर खरे उपयोगाचे. पिवळ्याने साधारण एक स्टॉप जातो, लालने तीन. ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे उजेडाबद्दलची संवेदनशीलता) फिल्म डोंगर आणि ओटी दोन्हीला पुरते. डेव्हलपिंगचे छापील वेळ बहुतेक २० अंश सेल्सिअसचे असतात. एप्रिलमध्ये नाशिकच्या नळाचं पाणी त्याहून बरंच गरम असतं, तेव्हा डबा बर्फाच्या पाण्यात बसवून तापमान खाली आणा.

लेन्स एकच न्या, ३५ किंवा ५० मिलिमीटरची. पाऊसकाळात बॅगेत सिलिका जेल टाका आणि घरी आल्यावर लेन्स बंद बॅगेत सोडू नका, बुरशी धरते.

## टप्पा ४: डोंगर, झाड, आभाळ

सातमाळा रांगेचे कडे, ब्रह्मगिरी, अंजनेरी हे सगळं लाव्ह्याच्या आडव्या थरांचं बेसाल्ट आहे. समोरून ऊन असलं की थर दिसत नाहीत, कडा सपाट पाटीसारखा येतो. ऊन तिरकं, बाजूने घासून जाणारं हवं. म्हणजे प्रत्येक थराखाली सावलीची रेघ पडते.

तिरकं ऊन कधी मिळेल, हे कड्याच्या तोंडावर ठरतं. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो, म्हणून उत्तरेकडे तोंड असलेला कडा सावलीतच राहतो. मे ते जुलैमध्ये सूर्य ईशान्येकडून उगवतो आणि वायव्येला मावळतो. तेव्हा त्याच कड्यावर सकाळ-संध्याकाळ घासतं ऊन येतं. होकायंत्र मोबाइलमध्ये असतंच. कड्याची दिशा आधी पाहून ठेवा आणि मग महिना ठरवा.

एक्स्पोजर, म्हणजे चित्रावर किती उजेड पडू द्यायचा ते, उजळ भागासाठी धरा. ढगाची पांढरी कड जळाली तर ती परत येत नाही, पण रॉ फाइलमधली सावली बरीचशी वर काढता येते. कॅमेऱ्यात उजळ भाग लुकलुकून दाखवण्याची सोय असते, ती चालू ठेवा. कडा, वाळलेलं गवत आणि ढग एकत्र असतील तर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सांगतो त्यापेक्षा अर्धा ते एक स्टॉप कमी द्यावं लागेल.

धुरकट हवेबद्दल एक गोष्ट. सप्तशृंगी गडावरून हिवाळ्यात सकाळी रांगांमागे रांगा फिकट होत गेलेल्या दिसतात. घरी येऊन बरेच जण डिहेझचं बटण ओढून तो धूसरपणा पुसतात. चित्रातली खोली तिथेच संपते, कारण मागची रांग पुढच्या रांगेइतकीच गडद होते. तो धूसरपणा राहू द्या.

अंजनेरीच्या कड्यांत लांब चोचीची गिधाडं घरटी करतात आणि पठारावर अंजनेरीच्याच नावाने ओळखली जाणारी सेरोपेजिया अंजनेरिका ही दुर्मीळ वनस्पती उगवते. हिवाळ्यापासून उन्हाळा लागेपर्यंत गिधाडांचा विणीचा काळ असतो. त्या काळात कड्याच्या काठावर गर्दी नको, ड्रोन तर अजिबात नको. वनक्षेत्रात ड्रोन उडवायला तशीही परवानगी लागते. दुर्मीळ फुलाचा फोटो टाकताना नेमकी जागा लिहू नका, आणि फाइलमधली जीपीएसची नोंदही काढून टाका.

तपासा: पडद्यावरचं चित्र डोळे बारीक करून पाहा. तीन वेगळ्या छटा, म्हणजे गडद, मधली आणि उजळ, सुटसुटीत दिसतात का? सगळं मधल्याच छटेत असेल तर जागा किंवा वेळ बदला. संपादनात हे सुधारेल, ही आशा सोडा.

## टप्पा ५: चेहरा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. दुपारचं ऊन, डोक्यावर पांढरी टोपी आणि टोपीखाली उन्हाने रापलेला सावळा चेहरा, हा प्रसंग प्रत्येकाला भेटतो. टोपी सांभाळावी तर चेहरा काळा ठिक्कर, चेहरा सांभाळावा तर टोपी जळून पांढरा डाग. कोणत्याही सेटिंगने हे नीट सुटत नाही. माणसाची जागा बदलून सुटतं.

बाबांना ओटीवर किंवा पडवीच्या कडेला बसायची विनंती करा, तोंड बाहेरच्या उजेडाकडे. छपराची सावली डोक्यावर, अंगणातला परतून येणारा मऊ उजेड चेहऱ्यावर. टोपी आणि चेहरा यांतला फरक आपोआप आटोक्यात येतो, आणि सावळ्या कातडीवर गालाच्या हाडाची, कपाळाची, हनुवटीची जी सुंदर झळाळी असते, ती दिसू लागते.

आता मीटर. कॅमेऱ्याचा मीटर समोर काहीही असलं तरी ते मधल्या करड्या छटेवर आणू पाहतो. उघड्या दारासमोर माणूस बसवलं की मागचा लख्ख उजेड पाहून तो एक्स्पोजर खाली खेचतो आणि चेहरा बुडतो. म्हणून स्पॉट मीटरने (चौकटीतल्या एका लहान ठिकाणापुरतं माप घेणारा मीटर) गालाच्या उजेडाकडच्या बाजूचं माप घ्या. सावळ्या रंगाला त्या मापापेक्षा साधारण अर्धा ते एक स्टॉप कमी दिलं की रंग जसा आहे तसा येतो. मापाइतकंच दिलं तर थोडा उजळ येतो. मोबाइलवर गालावर बोट दाबून ठेवा, फोकस-एक्स्पोजर लॉक करा आणि किंचित खाली ओढा.

एक अडचण पुस्तकी सल्ल्यांत सापडत नाही. कारवीच्या कुडाची, शेणमातीने सारवलेली भिंत आणि समोर बसलेल्या माणसाची कातडी, दोन्ही तांबूस-नारिंगी रंगाच्या घरातल्या. डोळ्याला वेगळ्या दिसतात, पण रंग गेला की एकाच करड्यात मिसळतात आणि चेहरा भिंतीत विरतो. नंतर संपादनात नारिंगी रंग उजळवला तर दोन्ही एकदम उजळतात. म्हणून हा फरक उजेडानेच पाडावा लागतो. माणसाला भिंतीपासून तीन-चार हात पुढे आणा, म्हणजे भिंत सावलीत राहील. किंवा दाराच्या काळोखासमोर बसवा.

बोलणाऱ्या माणसासाठी शटर १/१२५ सेकंदापेक्षा मंद नको. आयएसओ वाढला तर वाढू द्या. दाणे चालतात, हललेले डोळे चालत नाहीत. खाली बसलेल्या माणसाचा फोटो उभ्याने घेऊ नका, तुम्हीही बसा. पहिले काही फोटो ताठ, पासपोर्टसारखे येतील. तेही मनापासून काढा आणि दाखवा, कारण लोकांना स्वतःचा फोटो असाच हवा असतो. गप्पा सुरू झाल्या की बाकीचं येतं.

थांबा: ‘हसू नका, गंभीर बघा’ असं सांगू नका. नवी साडी बदलून जुनं लुगडं नेसायलाही सांगू नका.

## टप्पा ६: चौकटीतून काय काढायचं नाही

अस्पर्श निसर्ग आणि जुन्या रीतीची माणसं असं चित्र मनात धरून आलं की हात आपोआप कॅमेरा वळवतो. मोटारसायकल टाळायची, प्लॅस्टिकची घागर टाळायची, डिशची छत्री टाळायची. कृष्णधवलमध्ये हा धोका दुप्पट, कारण रंग गेल्यावर चित्र तसंही जुनं वाटतं. एडवर्ड कर्टिस या अमेरिकी छायाचित्रकाराच्या, तिथल्या मूळनिवासी पिगन जमातीच्या तंबूतल्या एका प्रसिद्ध चित्रातून दोन माणसांमधलं घड्याळ पुसलं गेलं होतं. मूळ निगेटिव्हमध्ये ते आजही आहे. आपण शंभर वर्षांनी पुन्हा घड्याळं पुसत बसायचं का?

व्यवहारात मी असं धरतो: चित्राची रचना बिघडवणारी वस्तू जागा बदलून टाळता आली तर टाळावी, पण वस्तू हलवायला सांगू नये आणि नंतर संगणकावर पुसू नये. आणि पूर्ण मालिकेत आजचं जगणं दिसलंच पाहिजे. स्ट्रॉबेरीची शेती, शाळेचा गणवेश, हातातला मोबाइल, हंड्यांची रांग, सगळं.

## टप्पा ७: विधी आणि सोंगं

डोंगऱ्या देव, वाघबारस, बोहाडा (मुखवटे घालून देवांची सोंगं नाचवण्याचा उत्सव) या वेळी भगत (देवाचे विधी करणारा) आणि गावकरी सांगतील तेच खरं. चप्पल कुठे काढायची, कोणत्या जागेपुढे जायचं नाही, कोणता क्षण टिपायचा नाही, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. ऐन वेळी विचारायला कोणाला सवड नसते. फ्लॅश नको. रात्रीच्या नाचासाठी आयएसओ ३२०० ते ६४००, भिंग पूर्ण उघडं आणि शटर १/६० च्या आसपास. पाय धूसर येतील, चेहरे धरा.

बोहाड्याचे मुखवटे मी रंगातच काढतो. तिथे रंगावरून देव ओळखला जातो, आणि लाल व हिरवा हे दोन्ही रंग करड्यात अगदी जवळजवळ येऊन बसतात.

## टप्पा ८: संपादन

आधी निवड, मग संपादन. निवड मोनोक्रोममध्येच करा, रंगीत पाहून केलीत तर लुगड्याच्या रंगावर भाळून चुकीची फ्रेम उचलाल.

मग कृष्णधवल मिक्सर, म्हणजे कोणता रंग करड्यात किती उजळ यावा ते ठरवणारे स्लायडर. इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा. गवत आणि पानं हिरव्यापेक्षा पिवळ्या स्लायडरला जास्त हलतात. आभाळ गडद करायला निळा स्लायडर फार खाली ओढला की आभाळ दाणेदार होतं आणि डोंगराच्या कडेला पांढरी रेघ उमटते. नारिंगी स्लायडर म्हणजे कातडी, त्याला सगळ्यात कमी हात लावा. तो वाढवून माणसाला गोरं करणं आणि घटवून ‘भेदक’ करणं, दोन्ही खोटं आहे. क्लॅरिटी (मधल्या छटांचा कॉन्ट्रास्ट वाढवणारा स्लायडर) चेहऱ्यावर शून्य ठेवा. म्हातारपण दाखवायला खिडकीचा उजेड पुरतो.

तपासा: केसांचा काळा रंग आणि कपाळाची सर्वांत गडद सावली यांत फरक दिसतो का? नसेल तर कॉन्ट्रास्ट जास्त झाला आहे. चित्र रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा पाहा.

## टप्पा ९: नाव, प्रिंट, प्रकाशन

त्याच संध्याकाळी वहीत लिहा: माणसाने सांगितलेलं नाव, पाडा, तारीख, काय काम चाललं होतं आणि चारपैकी कोणत्या प्रश्नांना होकार मिळाला. दोन दिवसांनी नावं मिसळतात. नाव छापायला नको असं कोणी म्हटलं असेल तर छापू नका, पण तुमच्या वहीत ते असलंच पाहिजे.

प्रिंट दोन प्रकारच्या काढा. घरच्यांना बहुतेक वेळा रंगीत फोटो हवा असतो, भिंतीवर लावण्यासारखा. रॉ फाइल असल्यामुळे तो देता येतो. तोच आधी द्या, कृष्णधवल त्यासोबत. शहरातल्या कलर लॅबमध्ये कृष्णधवल प्रिंट टाकताना ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा. रंगीत कागदावर छापताना करड्या छटेत हिरवट किंवा जांभळी झाक येते, म्हणून आधी एक छोटी प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात पाहा. प्रदर्शनासाठी पिगमेंट शाईची इंकजेट प्रिंट जास्त तटस्थ येते. पावसाळी घरात भिंतीला ओल असते, तेव्हा द्यायच्या प्रिंट लॅमिनेट करून न्या.

प्रिंट स्वतः नेऊन द्या. आठवडे बाजाराच्या दिवशी माणसं भेटतात, पण फोटो चारचौघांत वाटायचे नाहीत, ज्याचा त्याच्या हातात. याच भेटीत मोबाइलवर पूर्ण मालिका दाखवा आणि इंटरनेटवर काय जाणार आहे ते पुन्हा विचारा. फोटो प्रत्यक्ष पाहिल्यावर होकाराचा नकार होऊ शकतो. तसं झालं तर ती फाइल प्रकाशनाच्या फोल्डरमधून आणि क्लाउडवरच्या प्रतींतून लगेच काढा, वहीत नोंद करा, आणि आधीच कोणाला पाठवली असेल तर त्यांना त्याच दिवशी कळवा. हे सगळं झाल्यावरच चित्रं पुढे पाठवा.